ठिपकीबरोबर आलेला स्वेटर

२ नोव्हेंबर, सोमवार

आज प्राण्यांच्या दवाखान्यात माझी चिठ्ठी लागली. ‘कुत्री फिरवून मिळतील. मालक बाहेरगावी असल्यास घरी सांभाळली जातील. स्वच्छतेची पूर्ण हमी.’ शेवटची ओळ मुलीला नको होती. म्हणाली, “बाबा, लोकांना कुत्र्याची काळजी असते, तुमच्या फरशीची नाही.” मी ती ठेवलीच. सगळी नोकरी औषधांच्या कारखान्यात स्वच्छता-तपासनीस म्हणून झाली. मी हो म्हटल्याशिवाय तिथं बाटलीवर झाकण बसत नव्हतं. आता त्यांनी आमचा विभागच बंद करून मला घरी बसवलं, म्हणून मी हमी देणं सोडू की काय?

खरं तर कल्पना हिची. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली होती, “अहो, काहीतरी करा. कुणाची कुत्री फिरवा. पण दिवसभर फडकं घेऊन माझ्या मागं मागं हिंडू नका.” हिच्या बहिणीचा गुडघा धरलाय, म्हणून ही तिच्याकडं राहायला गेली आहे. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे.

मला कुत्र्यांची भीती वाटते, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक. समोरच्या इमारतीतला काळा, लांब तोंडाचा कुत्रा. मी त्याचं नाव वकील ठेवलं आहे, कारण तो प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी थांबून हरकत घेतो. निघण्याआधी पट्ट्याची कडी पुन्हा पुन्हा तपासली. पट्टा सुटला तर? रस्त्यात दुसरा कुत्रा आला तर? मी पडलो आणि तो पळाला तर मालकाला काय तोंड दाखवू? यातलं काहीच झालं नाही. वकील माझ्याकडं न बघता पुढं चालत राहिला आणि मी त्याच्या मागून ओढला गेलो. कोण कुणाला फिरवत होतं, हे विचारू नये.

७ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं गिऱ्हाईक आलं. एक टीचभर कुत्रा, नाव पैलवान. फिरवून आणल्यावर मी त्याचे चारही पाय आणि पोट जंतुनाशक साबणानं धुऊन, पुसून, वाळवून परत दिला. मालकांनी त्याला उचलून हुंगलं आणि म्हणाले, “हा आमचाच ना?” चेष्टा करत होते. लोकांना स्वच्छतेची सवयच राहिलेली नाही.

हिला फोन केला. बहिणीकडची पाण्याची टाकी कधी धुतली होती, ते विचार म्हटलं. “विचारते,” म्हणाली आणि फोन ठेवला. तिथं कामाची गडबड असणार.

९ नोव्हेंबर, सोमवार

आज मोठी जबाबदारी घेतली आणि आता छातीत धडधडतंय.

सकाळी दारात एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी एक म्हातारी कुत्री. बाई शिवणकाम करतात. मागच्या रस्त्यावर पुढं दुकान, मागं घर. पोटातली गाठ काढायची आहे, इस्पितळात राहावं लागणार, घरात दुसरं कुणी नाही. कुत्रीचं नाव ठिपकी. ठिपके वयानं इतके फिकट झालेत की नावाचा पुरावा म्हणून एक कान तेवढा उरला आहे.

टेलरबाईंनी सगळं सावकाश समजावलं. ठिपकीला कमी दिसतं, त्याहून कमी ऐकू येतं. तिचं हृदय अधू आहे. गोळी रोज खाण्यातूनच द्यायची, रिकाम्या पोटी अजिबात नाही. घराची किल्ली दिली, काही लागलं तर असावी म्हणून. मग पिशवीतून एक स्वेटर काढला. काय सांगू! मूळ रंग कुठला ते ओळखू येईना, कोपरं विरलेली, सगळा केसांनी भरलेला, आणि वास असा की मी एक पाऊल मागं सरलो.

“हा तिच्याजवळ राहू द्या, भाऊ. मग ती कुठंही झोपेल.”

मी हो म्हणालो. बाई वाकून ठिपकीच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि मागं न बघता जिना उतरल्या. ठिपकी बराच वेळ दाराच्या फटीला नाक लावून बसली. मग स्वेटरवर जाऊन पडली, भात आणि अंडं खाल्लं, गोळीही गेली. सुरुवात तर चांगली झाली.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आज मन प्रसन्न आहे. स्वेटर धुतला.

आधी गरम पाण्यात भिजवला, मग जंतुनाशकात, मग ब्रशनं घासला. पाणी असं निघालं की कारखान्यात असतो तर फोटो काढून नोटीस लावली असती. उन्हात वाळवला आणि इस्त्री केली. निघाला तो चक्क निळा! ठिपकीलाही औषधी साबणानं अंघोळ घातली. बिचारीनं काही विरोध केला नाही. बाई येतील तेव्हा दोघांना ओळखणार नाहीत.

ठिपकीनं स्वेटर हुंगला. माझ्याकडं बघितलं. परत हुंगला. तिलाही आश्चर्य वाटलं असणार.

हिला उत्साहानं फोन करून सांगितलं. हिनं विचारलं, “त्यांनी सांगितलं होतं धुवायला?”

म्हटलं, “त्यात सांगायचं काय?”

ही म्हणाली, “बरं, ठेवते.” तिला सांगायचं राहूनच गेलं, की तिचेही सगळे कपडे, उशी, रजई, अगदी केसांचा ब्रशसुद्धा, ती गेली त्याच दिवशी धुऊन ठेवलंय. आल्यावर बघेलच.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

ठिपकी जेवत नाही.

काल वाटलं, पोट बिघडलं असेल. आज भात केला, अंडं केलं, कोंबडीचं पाणी केलं. तिनं तोंड फिरवलं. मी चमच्यानं भरवायला गेलो तर ओठ घट्ट मिटले. स्वेटरवर ती झोपत नाही. घरभर हिंडते, प्रत्येक कोपरा हुंगते, मग दाराच्या फटीशी येऊन पडते. गोळी दोन दिवस गेलेली नाही. मी गोळी हातात घेऊन तिच्याशेजारी फरशीवर बसलो होतो. फरशीवर मी बहुतेक कधी बसलेलोच नव्हतो.

संध्याकाळी टेलरबाईंचा फोन आला. अजून तपासण्या चालू आहेत. रक्तदाब चढा राहिला तर ऑपरेशन पुढं ढकलतील म्हणाल्या. “ठिपकी खाते ना?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “हो हो, झकास.”

“मग मला कसली काळजी नाही, भाऊ.”

आता काय करू?

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

ठिपकीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेलो. चालवत नेलं असतं, पण तिचे पाय लटपटत होते. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची आहे, बोलायला एकदम सडेतोड. पोट तपासलं, दात बघितले, छातीवर नळी लावली. “आजार काही नाही. हिच्याबरोबर घरून काय आलं होतं?”

“एक घाणेरडा स्वेटर. तो मी लगेच धुऊन टाकला.”

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. “कशानं धुतलात?”

मी सगळं सांगितलं, इस्त्रीसकट.

“काका, हिला दिसत नाही, ऐकू येत नाही. हिला सगळं जग नाकानं कळतं. त्या स्वेटरमध्ये हिची मालकीण होती. तुम्ही मालकीणच धुऊन टाकलीत.”

मी म्हणालो, “अहो, पण त्याला वास येत होता!”

“तोच तर हवा होता.” मग ती जरा नरमली. सुई लावून सलाईन दिलं, गोळीऐवजी इंजेक्शन दिलं. म्हणाली, हे रोज रोज जमणार नाही, या वयात शरीर साथ देत नाही. बाईंच्या घरी जा, त्यांनी वापरलेलं काहीतरी आणा, आणि घरातलं फिनाईल कृपा करून बंद करा. निघताना म्हणाली, “तुमच्या अंगालाही येतो वास.”

मला भयंकर राग आला. घरी येईपर्यंत तो कुणाचा आलाय, तेच ठरेना.

१४ नोव्हेंबर, शनिवार

टेलरबाईंच्या घरी जाऊन आलो. परक्या बाईच्या घरात तिच्या वस्तू हुंगत फिरणारा मी! कुणी बघितलं असतं तर पोलीसच बोलावले असते. पण तिथं माझ्यासारखंच कुणीतरी राहतं की काय असं वाटलं. इस्पितळात जायच्या आधी बाईंनी चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं धुऊन घडी करून ठेवलं होतं. परत आल्यावर अंथरुणात पडून राहावं लागेल, म्हणून आधीच आवरून ठेवलं असणार. कपाटातले कपडेही परीटघडीचे. दुकानात शिवणाचं मशीन, कपड्यांचे तुकडे, गिऱ्हाइकांचे कपडे. पण त्यांना वास गिऱ्हाइकांचा.

तरी एक उशी आणि एक चप्पल आणली. उशी ठिपकीनं हुंगली आणि सोडून दिली. चप्पल नवीनच होती, बाईंनी बहुतेक घातलीच नव्हती. ठिपकीनं माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. मी हललो नाही. पाय बधिर झाला तरी हललो नाही.

मुलगी येऊन गेली. सोफ्यावर कुत्र्याचे केस बघून तिनं डोळे विस्फारले. “बाबा, हे असं ठेवलंत तुम्ही?” मग म्हणाली, “आईला फोन करा. टाकीचं विचारायला नको, नुसता करा.” नुसता करून बोलायचं काय?

१६ नोव्हेंबर, सोमवार

आज टेलरबाईंचं ऑपरेशन. सकाळी जायच्या आधी त्यांचा फोन आला, आवाज बारीक झाला होता. “ठिपकीनं काय खाल्लं?” मी म्हणालो, भात, अंडं, वर थोडं दूध. ठिपकी माझ्यासमोर पडलेली होती, बरगड्या मोजता येतील अशी. मी आयुष्यात एकही खोटा शेरा मारलेला नाही आणि आज एका आजारी बाईला धडधडीत फसवलं. पण खरं सांगितलं असतं तर? रक्तदाब चढला असता, ऑपरेशन राहिलं असतं, त्यातून काही झालं असतं तर? आणि सांगितलं नाही आणि तिकडं बाई बऱ्या झाल्या आणि इकडं ठिपकी गेली तर?

दुपारी पुन्हा सलाईन. येताना बसथांब्यावर माझी मेव्हणी दिसली. बसमागं धावत होती. पकडलीसुद्धा. गुडघा चांगलाच सुधारलेला दिसतो. मग ही अजून का येत नाही? व्यायाम करून घ्यायचे असतील.

इस्पितळातून निरोप आला, ऑपरेशन नीट पार पडलं. मी ठिपकीच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं. तिला कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

इस्पितळात गेलो. फार वेळ बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आतून तोच वास येत होता, माझ्या घराचा.

बाई उशीला टेकून होत्या, चेहरा पांढरा. मला बघताच म्हणाल्या, “ठिपकीला काय झालं?” मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मी सांगितलं. स्वेटर, गरम पाणी, जंतुनाशक, इस्त्री, सलाईन, सगळं. त्यांनी मान भिंतीकडं वळवली. मला वाटलं आता नर्सला बोलावून हाकलून देतील, आणि द्यायलाच हवं होतं.

“तुम्ही मला खोटं सांगितलंत.”

“हो.”

“मला सांगायचं होतंत. मी ऑपरेशन पुढं ढकललं असतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

त्या भिंतीकडंच बघत म्हणाल्या, “इस्त्री केलीत?” त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या, आणि टाके ओढले जात होते म्हणून पोट धरून “आई गं” म्हणत होत्या. डोळ्यांतून पाणीही येत होतं. दोन्ही चालू होतं.

मी म्हणालो, “तुमचं वापरलेलं एखादं काही इथं असेल तर द्या.”

“इथले कपडे इस्पितळाचे. रोज बदलतात.” त्या विचार करत राहिल्या आणि एकाएकी हात गळ्याकडं गेला. “टेप! माझी मापाची टेप. मशीनच्या चाकाला अडकवलीय. दुकान थाटल्यापासून गळ्यात आहे. कधी धुतलेली नाही.”

मशीनपाशी मी उभा राहून आलो होतो. टेप डोळ्यांसमोर होती. मला ती अवजार वाटली होती.

धावत गेलो. माझ्या वयाला आणि प्रकृतीला न शोभेल असा धावलो. टेप पिवळी होती, कडा काळ्या पडलेल्या, मधले आकडे मानेच्या घामानं पुसलेले. कारखान्यात चिमट्यानं उचलली असती. मी ती खिशात न ठेवता मुठीत धरून आणली, खिशातल्या कागदी साबणाचा वास लागू नये म्हणून.

ठिपकी दाराच्या फटीशी होती. टेप तिच्यापुढं ठेवली. आधी काहीच नाही. मग नाकपुडी हलली. मग तिनं मान उचलली, टेपेत नाक खुपसलं आणि एक लांब, बारीक आवाज काढला. शेपटी फरशीवर आपटायला लागली. मी भात आणला. तिनं एक पंजा टेपेवर ठेवून तो खाल्ला. सांडत, लाळ गाळत, माझ्या स्वच्छ फरशीवर सगळीकडं. मी भिंतीला टेकून रडलो. ते इथं लिहायला हरकत नाही.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

गोळी जाते. भात जातो. वकिलाची आणि ठिपकीची ओळख करून दिली, वकिलानं हरकत घेतली नाही. सांडलेलं मी तसंच सोडत नाही, पण साध्या पाण्यानं पुसतो.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

टेलरबाई घरी आल्या. ठिपकीला पोचवलं. कोपऱ्यावर आल्याबरोबर तिनं पट्टा असा ओढला की मला वकील आठवला. बाई खुर्चीत होत्या, ठिपकीनं त्यांच्या मांडीत डोकं घातलं आणि दोघी तशाच राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. बघण्यासारखं बाहेर काही नव्हतं.

निळा, इस्त्रीचा स्वेटर परत दिला. बाईंनी तो तिथंच अंगात चढवला. “येईल महिन्याभरात वास परत,” म्हणाल्या. टेपही गळ्यात गेली. चालायची मनाई आहे तोवर ठिपकीला रोज मीच फिरवायचं ठरलं. अजून माझ्यावर विश्वास कसा ठेवतात, कळत नाही.

२८ नोव्हेंबर, शनिवार

घर फार मोकळं वाटतंय. सोफा साफ केला. मग कशाला केला असं वाटलं.

दुपारी हिचं कपाट उघडलं. कपडे रांगेत, घड्या सरळ. एक ड्रेस नाकाशी धरला. साबण. दुसरा धरला. साबण. उशी, रजई, स्वयंपाकघरात दारामागं ही लटकवायची तो ॲप्रन, केसांचा ब्रश. ब्रशमधले केस मीच काढून टाकले होते, ही गेली त्याच दिवशी. याच ब्रशवरून हिला किती वेळा बोललो असेन. घरभर हिंडलो. एकही वस्तू अशी नाही, जिच्यात ही आहे. कारखान्यातून निघालेल्या बाटलीसारखं घर केलंय मी.

हिला फोन केला. टाकीचं विचारलं नाही.

“तुझं एखादं वापरलेलं काही असेल तर मुलीजवळ देशील?”

“वापरलेलं म्हणजे?”

“म्हणजे, न धुतलेलं.”

पलीकडं मागून मेव्हणीचा आवाज येत होता, कुणाशी तरी हसून बोलत होती.

“कशाला?” ही म्हणाली.

“इथं तुझं काही राहिलं नाही. मी सगळं धुतलं.” मग म्हणालो, “मला तुझी आठवण येते.” इतकी वर्षं संसार केला, हे वाक्य कधी बोललो असेन तर मला आठवत नाही.

हिनं फोन ठेवला की काय वाटलं, पण श्वास ऐकू येत होता. शेवटी म्हणाली, “बघते,” आणि ठेवला.

३० नोव्हेंबर, सोमवार

आज मुलगी पिशवी घेऊन आली. आत हिचा स्कार्फ, थंडीत डोक्याला बांधते तो. एका टोकाला खोबरेल तेलाचा डाग, एक लांब पांढरा केस अडकलेला. मुलगी म्हणाली, “आईनं सांगितलंय, हा धुवायचा नाही. आणि परत द्यायला तुम्हीच यायचं. माझ्या हाती पाठवायचा नाही.”

“येऊ दे म्हणाली?”

“द्यायला या म्हणाली, बाबा. पुढचं मला माहीत नाही.”

ती गेल्यावर स्कार्फ खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि समोर बसून राहिलो. काय बोलायचं याची तयारी करायला गेलो तर नुसत्या शंकाच सुचायला लागल्या, पहिल्यांदा वकिलाचा पट्टा हातात घेतला होता तशा. दारातूनच परत पाठवलं तर? नुसता स्कार्फ घेतला आणि दार लावलं तर? ठिपकीला फिरवून झालं की उद्या तसाच जाणार आहे. अंगाला कुत्र्याचा वास येईल, येऊ दे.

मेव्हणीच्या गुडघ्याची चौकशी मात्र करणार नाही.